एकच तार

रेडिओवर त्याचं जे नाव सांगितलं
ते आम्ही ठेवलेलं नव्हतं.
आम्ही घुमूर म्हणायचो.
उंटाचं पिल्लू हरवलं म्हणून
दोन रात्री अद्रारच्या खडकांत काढलेला,
आणि सापडल्यावर त्याच्यावरच चिडून रडलेला घुमूर.

आईचा इमझाद तोच लावून द्यायचा.
अर्धा भोपळा, वर बकरीचं कातडं,
घोड्याच्या शेपटीची एकच तार.
वाजवायचा मान बायकांचा;
पण तार उतरली की आई त्यालाच हाक मारी.
कान तयार होता पोराचा.

मग दुष्काळ. जनावरं गेली, तो लिबियाला गेला.
परतला तेव्हा जमिनीकडे बघून बोलत होता
(लोक म्हणाले, किती अदब!)
आणि मागे चार गाड्या होत्या.

पहिल्या वर्षी त्याने विहिरींची भांडणं मिटवली,
खोटं कशाला बोलू?
पुढच्या वर्षी मीठवाल्या बागीचा हात तोडला.
मग बाजाराच्या ट्रकखाली सुरुंग फुटला.
एकवीस माणसं. शेळ्या कोणी मोजल्या नाहीत.
त्याचा निरोप आला: चुकून झालं, ते शहीद आहेत.
मेलेल्यांना न विचारताच
पदवी देऊन मोकळा झाला.

इमझाद न्यायला स्वतः आला नाही.
मिसरूड न फुटलेली दोन पोरं पाठवली.
आई म्हणाली, "त्याला विचारून या,
तार उतरवून देऊ, की लावलेलीच हवी?"
पोरांना कळलं नाही.
एकाने भोपळ्यावर पाय दिला,
दुसरा आपल्या चपलांकडे बघत राहिला.
तो दुसरा अख्मुदू.

काल पहाटे ड्रोन आलं तेव्हा
गाडी अख्मुदूच चालवत होता. सतरा वर्षांचा.
रेडिओने त्याचं कुठलंच नाव घेतलं नाही.

रात्री वस्तीत दोनदा गोळ्या झाडल्या हवेत.
एकदा कोणी आनंदाने, एकदा कोणी दुःखाने.
कुठल्या कोणत्या, मला ओळखता आल्या नाहीत.

सकाळी तिनालबरका आली, ट्रकमध्ये नवरा गेलेली.
तंबूच्या दाराशी थबकली, मग बसली.
चहा घेतला. साखर नको म्हणाली.
रडावं की नाही
हे मी तिच्या तोंडाकडे बघून ठरवत होते.
आई अंगठा आणि बोट जुळवून
मांडीवर काहीतरी ताणून बघत होती,
सैल सोडत होती, पुन्हा ताणत होती.

उठताना तिनालबरका म्हणाली,
"अख्मुदूच्या आईकडे कोणी गेलेलं नाही.
येतेस?"

मी चपला शोधल्या.