उशीर

नारिनच्या शाळेमागे, सिमेंटच्या खांबावर
पांढरा घुमट, पालथ्या कढईएवढा.
सायरागुल रोज झाडूने त्याच्यावरचा बर्फ काढते,
मग हातमोजा दातांत धरून
वहीत लिहिते: वेळ, बर्फ किती बोटं.

वीस हजार किलोमीटर वरून संदेश येतो
आणि शेवटच्या दहाएक किलोमीटरांत रेंगाळतो,
हवेतल्या पाण्याशी अडखळत.
उशीर इवलासा. अंतरात मोजला तर वीतभर.
मोजणीवाले पूर्वी तो चूक म्हणून
वजा करून टाकत.
आता बिश्केकहून विचारणा होते ती
त्या वजाबाकीचीच:
"कालचा उशीर पाठवला नाहीस?"

वीस वर्षांचे उशीर ओळीने मांडले
तर रेघ चढत जाते, जराशी.
हवा ओल जास्त धरू लागली आहे, म्हणतात.
हिमनदी मागे सरकते आहे हे तर तिला
रेघेशिवायही माहीत;
मेंढ्या आता वरच्या ओढ्याशी थांबत नाहीत.

मुलगा, एर्किनबेक, मॉस्कोत टॅक्सी चालवतो
ह्याच उपग्रहांच्या भरवशावर.
त्याचा फोन तो उशीर गुपचूप पुसून
सांगतो, दोनशे मीटरवर डावीकडे.

रविवारी तो बोलतो.
"बरा आहेस ना?"
पलीकडे क्षणभर काहीच नाही.
मग, "हो आई, मजेत."

चहा अर्धी वाटीच ओतायची रीत.
तिची काठोकाठ भरते, बशीत उतरते.
तो क्षणभर
ती वजा करत नाही.