उणे ऐंशी

रात्री दीडला टिळकवाडीत वीज गेली, जनरेटर खोकून गप्प.
फ्रीजरचा आकडा उणे ऐंशीवरून चढू लागला
तशी मी मासळीवाल्या इराप्पाला फोन लावला:
ऐस बेकु, ईगले.
त्यानं कन्नडात शिवी हासडली, मराठीत दर सांगितला,
सुरमईचा वास मारणारं पोतं घेऊन आला.

बर्फात कुपी. कुपीवर माझंच अक्षर:
जनुक माणसाचं, वाढ जिवाणूत.
शाळेच्या दाखल्यावर माझं: मातृभाषा मराठी, माध्यम कन्नड.

"कुणाच्या मेंदूतलं हे?"
कुणाच्याच नाही.
दोन पेशींच्या फटीपाशी असतं, तसं बनवलेलं.

तो पोत्यावर बसला. बराच वेळ.
"आमच्या अव्वाला माझं नाव आठवंना झालंय," म्हणाला,
"बर्फाचे पैसे नकोत."

मी पैसे मोजत राहिले.