पाच आकडी नंबर

फरामर्ज गेला तेव्हा शुश्तरमध्ये
फोनचे नंबर पाच आकडी होते.
आमचा दोन चार सात सात एक.
बुटाच्या नाड्या आवळताना तो घोकत होता,
आणि शेवटचा एक दरवेळी गाळत होता
मला चिडवायला.

ज्या दलदलीतल्या बोरूची
आम्ही शाळेत कलमं करायचो
त्याच बोरूच्या रानात रात्री होड्या शिरल्या.
सकाळी मोजल्या तेव्हा एक कमी.

सरकारी पत्र आलं.
हुतात्मा नाही, कैदी नाही,
बेपत्ता.
आईनं कागद उलटून पाहिला,
मागे काही लिहिलंय का.
मग म्हणाली, बेपत्ता तो आहे,
आपण नाही.

त्यानंतर घर हललं नाही.
बाबांची अहवाजला बदली झाली, बाबा एकटे गेले.
दाराचा निळा उडाला की पुन्हा तोच निळा,
दुकानदार म्हणायचा, आता हा रंग येत नाही,
आई म्हणायची, दोन रंग मिसळा.

मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली.
मार्कांवर नव्हे.
बहीण म्हणून.

युद्ध संपलं. दोन वर्षांनी
सुटलेल्या कैद्यांच्या बसेस आल्या.
एका पोरानं फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला,
त्याची नखं अजून वाढली नव्हती,
म्हणाला, उंच होता ना?
फरामर्ज माझ्या कानाला लागायचा जेमतेम.
आई म्हणाली, हो, उंचच होता.
आणि त्याला डाळिंब सोलून दिलं.

मग पेट्या येऊ लागल्या, नाव नसलेल्या.
गल्लीतून जाताना बायका हात लावायच्या.
आईनं एकदा खांदा दिला, कुणाला न विचारता,
चार पावलं चालली, खाली ठेवली.
आमचा जन्मला तेव्हा याहून जड होता,
एवढंच बोलली.
त्या रात्री मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी आईसाठी
हलवा केला, आणि करपवला.

नंबर सहा आकडी होणार असं ठरलं तेव्हा
ती खजुराच्या कोलूचेचा डबा घेऊन ऑफिसात आली.
सगळ्यांचे बदला, आमचा राहू द्या.
साहेब मंसूरनेजाद खुर्चीतून उठले,
डब्याकडे बघत म्हणाले,
मशीन माझंही ऐकत नाही हो.

जुन्या नंबरांवर लावायला एक आवाज हवा होता.
त्या दिवशी ड्यूटीवर मीच.
सर्दी झालेली, तिसऱ्या खेपेला जमलं:
आपण फिरवलेला नंबर अस्तित्वात नाही.
कृपया तपासून पाहा.

आईला हे मी कधी सांगितलं नाही.
तिनं ऐकलं असणार.
कधी कधी दुपारी ती रिसीव्हर कानाला लावून
नुसती बसलेली दिसायची,
मी आले की ठेवून द्यायची.

अकरा वर्षं चालली ती टेप.
मग आकडे आणखी वाढले,
तेहरानहून कुणा बाईचा स्वच्छ आवाज आला.
आई गेली तेव्हा फोन तिच्या उशाशी होता,
वायर पुरत नव्हती म्हणून
पलंगच सरकवलेला.

आता मी निवृत्त आहे, साखर वाढलीय,
रात्री झोप नाही.
तेव्हा हिशेब करते.
त्या अकरा वर्षांत त्यानं कुठून तरी
फोन केला असता तर त्याला मी भेटले असते.
नंबर अस्तित्वात नाही म्हणताना
मी अस्तित्वात होते, नाक चोंदलेली.
तो हसला असता.

शेवटचा एक विसरला असेल
तर गोष्ट वेगळी.
मी तिथे सव्वीस वर्षं काढली, मला माहीत आहे:
चार आकडे फिरवून कुणी थांबलं
तर आमचं जुनं मशीन काही बोलायचं नाही.
लाइन तोडायचं नाही.
पाचव्याची वाट पाहायचं.