कोरा अंगठा

इझीकिएल मामांना तुम्ही ओळखत नाही.
त्यांचा पुतळा नाही,
त्यांच्या नावाने शाळेला सुट्टी नाही.
कॅरोलिनाच्या किनाऱ्यापलीकडे, आमच्या बेटावर
ते कालवं काढायचे,
ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून,
हिवाळ्यातसुद्धा.

कालवाच्या शिंपल्याला पात्यासारखी धार असते.
चाळीस वर्षं ती त्यांच्या बोटांवरून फिरली
आणि बोटांवरच्या रेघा पुसून गेली.
बँकेतल्या कारकुनाने एकदा कागदावरचा शाईचा डाग पाहिला,
तोंड वाकडं केलं:
"सही येत नाही ते नाहीच,
निदान अंगठा तरी धड उमटावा!"
रांगेतले लोक हसले.
मामाही हसले.
पण त्यांचा हात माझ्या हातात होता,
म्हणून मला कळलं, ते हसत नव्हते.

त्याच वर्षी लुवीनिया बाईंच्या लाँड्रीत
रात्रीची शाळा भरू लागली.
पुढे गोऱ्यांचे सदरे, मागे आम्ही.
खिडकीला जाड पांघरूण,
कारण आपण शिकतोय हे
रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला आवडेलच असं नव्हतं.
इस्त्रीच्या टेबलावर खडूने अक्षरं,
आणि बाकावर साठीची पोरं:
ड्रुसिला मावशी, जी दुसऱ्या ओळीला घोरायची,
कोळंबीच्या होडीवरचे दोघे भाऊ,
आणि मामा,
ज्यांनी पेन्सिल सुरीसारखी धरली
आणि पहिल्याच रात्री तीन मोडल्या.

मी दहा वर्षांची.
त्यांचा हात धरून मी अक्षरं गिरवून घ्यायची.
त्यांना ‘झी’ फार आवडलं.
"आपली खाडी अशीच वळते," म्हणाले,
"इकडून तिकडे, मग परत इकडे."
दिवसा ते दाताळ्याने चिखलावर नाव काढायचे,
हातभर लांब, ढोपराएवढं उंच.
भरती यायची, पुसून जायची.
दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरी पाटी.

मतदार नोंदवायला सात जण पहाटेच्या होडीने गेलो.
खिडकी बंद.
पुढच्या महिन्यात गेलो. साहेब जेवायला गेलेले,
सकाळी साडेनऊला.
तिसऱ्या खेपेला त्यांनी कायद्याचा एक उतारा पुढे सरकवला:
वाच.
मामांनी वाचला.
एकेका शब्दावर पाय ठेवून, दलदलीतून चालावं तसा.
साहेब बोटांनी टेबल वाजवत होते.
माझ्या पोटात गोळा.
मग सही.
मामांच्या नावातला शेवटचा ‘एल’
चौकटीच्या बाहेर गेला.
"चौकटीत मावत नाही तुझं नाव," साहेब म्हणाले.
"मला चिखलावर लिहायची सवय आहे," मामा म्हणाले,
"तिथे चौकट नसते."

नाव नोंदलं गेलं.
सोमवारी व्यापाऱ्याने त्यांची कालवं घेतली नाहीत.
त्याच्या पुढच्या सोमवारीही नाहीत.
महिनाभर आम्ही घरात फक्त कालवं खाल्ली:
उकडून, तळून, भातात घालून.
मला अजूनही तो वास सहन होत नाही.
पण मामांनी कागद मागे घेतला नाही,
आणि ड्रुसिला मावशी
जागी राहून शिकू लागली.

वसंतात त्यांनी होडीवर आपलं नाव रंगवलं.
मोठी पांढरी अक्षरं, दोन दिवस खपून.
आणि ‘झी’ उलटी काढली.
मी बघत उभी होते.
हजारदा गिरवून घेतलं होतं मी!
सांगावं? जीभ टाळूपर्यंत आली.
मग होडी पाण्यात ढकलली
आणि खाली, हलत्या सावलीत, मी पाहिलं:
‘झी’ सुलट झाली होती,
आणि बिचारा ‘एल’
डोक्यावर उभा होता.

मी काही बोलले नाही.
मामा वल्हं मारत
खाडीच्या पहिल्या वळणाला लागले.