जाऊन-येऊन तीनशे

चार वर्षांनी पुष्पकलाचा फोन आला.
"नागपुरात सांभार स्वस्त झाला का वो?"
एवढंच. मग ठेवला.
कुंदानं ओला हात पदराला पुसला
आणि म्हणाली, "गुरुवारी जाऊन येऊ.
जाऊन येऊ म्हणजे जाऊन, येऊ.
मुक्काम नाही."

तेव्हापासून मी टेबलाशी बसलोय
विजेच्या बिलाची पाठकोरी बाजू घेऊन.
तेहतीस वर्षं गणेशपेठच्या आगारात
दुसऱ्यांच्या गाड्यांना वेळा लावल्या,
आपल्या वॅगनआरला आज पहिल्यांदा.

मानेवाडा, सुटणे ५.३०.
बुटीबोरी ६.१०,
कंपन्यांच्या बसगाड्या रस्त्यावर यायच्या आत.
डिसेंबर आहे, धुक्याची दहा मिनिटं वेगळी.
जाम चौरस्ता ७.००. चहा.
("थर्मास असताना चहा काऊन?"
"थांबा आहे तो. थांब्यावर थांबतात.")
नंदोरी, खांबाडा, विनाथांबा.
वरोऱ्याला जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या
अर्धा रस्ता अडवून असतील, ८.१५ धरू.
भद्रावती.
मग वीजकेंद्राची धुराडी
आणि धुराड्यांखाली चंद्रपूर, ९.१०.

कुंदा चष्मा लावून वाचते.
"नऊलाच? आणि निघायचं कधी?"
"चारला."
"सात तास काय करायचं बाप्पा तिच्या घरी?"
पेन तिनं माझ्या हातातून घेतला.
पोचणे, अकरा केलं.
निघणे, तीन. मग अडीच.
दोन्ही टोकांनी दुपार कुरतडत आणली
ती एका पंगतीएवढी उरली.
असा तक्ता आगारात कोणी दिला असता
तर मी परत पाठवला असता:
फेरी तोट्यात आहे.

भांडण तसं माझ्यावरूनच.
भाच्याच्या लग्नपत्रिकेत सगळे जावई छापले,
शालिक डोंगरवार छापायचा राहिला.
मला त्याचं विशेष नव्हतं.
पत्रिका म्हणजे शेवटी गाडीवरची पाटी,
एखादं गाव लिहायचं राहतं,
गाडी तिथं थांबतेच.
पण कुंदा त्या लग्नात जेवली नाही,
आणि पुष्पकला एकदाच म्हणाली, जेव.
दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं म्हणे.
दुसऱ्यांदा म्हणायला चार वर्षं लागली
आणि तेही सांभाराचा भाव विचारून.

बुधवारी कॉटन मार्केटातून आठ जुड्या.
दिवसभर निवडणं, धुणं, पंख्याखाली सुकवणं,
खसखस, खोबरं, चारोळी.
मी चाकांत हवा भरून आणली,
ऑइल पाहिलं, टोलचे सुटे वेगळे ठेवले,
घरी आलो तर जिन्यापर्यंत तळणीचा वास.
एक वडी मोडकी निघाली ती मला मिळाली.
"मोजून ठेवल्या आहेत," कुंदा म्हणाली.
मी विचारलं नव्हतं.

रात्री दहा.
पिशवी ती एकटीच भरून राहिली आहे,
मला आत यायचं नाही असं सांगून.
कागदावर मी पुन्हा एकदा किलोमीटर जोडतोय,
दीडशे आणि दीडशे.
आतून कात्रीचा आवाज येतो.
बीपीच्या गोळ्यांची पट्टी.
दिवसाची एक तिची, एक माझी,
उद्यापुरत्या दोन कापायच्या.
मोजायची सवय जात नाही.
कात्री सहा वेळा वाजली.

मी काही बोललो नाही.
अडीचवर रेघही मारली नाही,
तिचं अक्षर आहे ते.
फक्त पुढे, शेऱ्याच्या जागी,
आगारात लिहायचो तसं बारीक लिहिलं:
मुक्कामी.
आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

"अहो, हवा भरली का चारी चाकांत?"
"पाचही," मी म्हणालो.
"स्टेपनी धरून."