कान देणं

ओउलूच्या चर्चच्या तळघरात
रात्री आठ ते एक मी फोनवर बसते.
एक दिवा, दोन खुर्च्या, पायात लोकरीचे मोजे
आणि भिंतीवर ताइमीनं पहिल्या दिवशी चिकटवलेली चिठ्ठी :
आधी श्वास घे.
एवढंच. वचनांची माझी वही
तिनं कपाटात ठेवली,
किल्ली स्वतःच्या खिशात.

मला राग आला.
छत्तीस वर्षं संडे-स्कूल घेतलेली बाई मी,
कुठल्या दुखण्यावर कुठलं वचन उगाळायचं
मला तोंडपाठ.

घरी तर तोंडाचा पट्टा कधी थांबलाच नाही.
वाइनो शेवटच्या आजारात होता तेव्हा
मी उशाशी बसून मोठ्यानं प्रार्थना करायचे,
देवाला सगळं नीट समजावून सांगायचे,
रक्ताचे आकडेसुद्धा.
एका दुपारी त्यानं हात जरासा वर केला.
मला वाटलं, आमेन म्हणतोय.
मी आवाज आणखी चढवला.
नंतर नर्स म्हणाली,
त्यांना तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं.
काय, ते
तो सोबत घेऊन गेला.

फेब्रुवारीत एक फोन येऊ लागला,
सव्वाअकराच्या सुमाराला.
पलीकडून शब्द नाही.
पहिल्या रात्री मी वीस मिनिटं बोलले :
धीर, आशा, मेंढपाळ, थंडी किती पडलीय.
त्यानं फोन ठेवला.
दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्याही.
चौथ्या रात्री मी गप्प राहिले.
मोठेपणा नको, घसा बसला होता माझा.

आणि मग ऐकू आलं :
फ्रिजची घरघर,
फरशीवर कुत्र्याची नखं,
कपात फिरणारा चमचा,
साखर विरघळून गेल्यावरही
कितीतरी वेळ फिरणारा.
मी नुसता हुंकार दिला,
गोष्ट ऐकणाऱ्यानं द्यावा तसा,
गोष्ट सुरू व्हायच्या आधीच.

एकोणीस रात्री असं चाललं.
ताइमी नोंदवहीत लिहायची : शांतता, चौदा मिनिटं.
शांतता, बावीस.

एप्रिलमध्ये तो म्हणाला,
"आज नदीवरचा बर्फ फुटला.
लेम्पीला तो आवाज आवडायचा."

माझ्या जिभेच्या टोकावर पाच वाक्यं आली.
त्यातलं एक खरंच चांगलं होतं,
आजही आठवतं.
मी ते गिळलं,
माशाच्या काट्यासारखं घशाला लागत गेलं खाली.

"ऐकताय?"
"हो."
"बरं," म्हणाला, आणि मग बोलत राहिला
एक वाजून गेला तरी.
काय बोलला ते इथे सांगणार नाही.
ते त्यानं मला दिलं होतं.

कान देणं म्हणतात याला.
देणं.
म्हणजे आपल्याकडचं काहीतरी जातंच.
माझं ते चांगलं वाक्य गेलं.
जेरिकोच्या वाटेवर त्या आंधळ्याला काय हवंय
हे काय दिसत नव्हतं?
तरी प्रभूनं विचारलं,
आणि विचारून थांबला,
सगळी गर्दी खोळंबलेली असताना.
संडे-स्कूलमध्ये मी ही गोष्ट शंभरदा सांगितली असेल.
डोळे उघडण्याकडे धावत सुटायचे दर वेळी.
ते थांबणं
कधी सांगितलंच नाही मुलांना.

आता सकाळी प्रार्थनेला बसते तेव्हा
मागण्यांची यादी पिठाच्या डब्याखाली सरकवते.
पहिली दहा मिनिटं मीच मला ऐकू येते :
वीजबिल, डावा गुडघा,
नाताळात सून बोलली ते एक वाक्य.
मग तेही दमतं.
वाइनोचा हात वर होतो,
होऊ देते.

देव बोलतो असं मी म्हणत नाही.
म्हटलं, की पुन्हा मीच बोलू लागेन.
एवढंच कळतं
की पलीकडे कुणीतरी आहे,
इतकी वर्षं माझी बडबड ऐकूनही
त्यानं अजून
फोन ठेवलेला नाही.