फुफ्फुसं एकदाच

निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारीत
आता सर्व्हर आहेत.
एसी कितीही ओढला तरी
पहाटे तीनला भिंत तंबाखू सोडतेच.
मी शिंकतो. मशीन शिंकत नाही.

काम सांगायला सोपं:
सात वर्षांपूर्वीचे छातीचे एक्स-रे
इथल्या महागड्या, चपळ डिस्कवरून उचलून
हुबळीच्या स्वस्त, झोपाळू टेपवर नेऊन ठेवायचे.
मध्ये एकच केबल,
तवंदी घाटात रस्ता खणला की तुटणारी,
आणि दिवसभर तिच्यावर ओपीडीची गर्दी.

पहिल्या रात्री मी सगळंच लोटून दिलं.
सकाळी एक केसपेपर उघडेना.
डॉक्टर बेल्लद माझ्याकडे नुसते बघत राहिले.

मग हुबळीच्या शिवलीलाने फोनवर शिकवलं,
अर्धं कन्नडात, अर्धं माझ्यासाठी:
आधी माणूस पाठवू नको रे, अंगठा पाठव.
म्हणजे तुकड्या-तुकड्याचा ठसा, चौसष्ट अक्षरांचा.
मी विचारतो, ऐती?
तिकडून येतं, ऐती. तो तुकडा मग जागीच राहतो.
इल्ल आलं तरच पोतं पाठीवर घ्यायचं.

किती काळोख सारखाच असतो!
फिल्मच्या कडेचा, खांद्यावरचा,
हजारो बायकांभोवतीचा काळा
एकदाच गेला हुबळीला.
बाकीच्यांना तोच पुरला.

काल अक्काताई खोत आली. दोनदा.
विडी कारखान्यातली, तारीख एक, फोटो एक,
पण एका प्रतीच्या कोपऱ्यात नाव मराठीत,
दुसरीच्या कन्नडात.
कुठल्या ऑफिसने कुठली मागितली होती, कोण जाणे.
मशीन म्हणालं, फाइली दोन.
मी तुकडे आणखी बारीक केले.

बरगडी न् बरगडी जुळली,
उजवीकडचा तो पांढरा डागसुद्धा.
ऐती, ऐती, ऐती.
अडला फक्त कोपरा.
नावं दोन्ही पाठवली. फुफ्फुसं एकदाच.

इथं तिच्या जागी आता एक चिठ्ठी,
चार केबीची:
माल हुबळीत आहे, मागितला तर मिळेल,
वेळ लागेल.
मी ती दोनदा वाचली
आणि उठून तोंड धुतलं.

पाचला शिवलीलाचा मेसेज:
शंभरातलं अठराच गेलं लाइनवरनं. भारी की.
खाली आणखी एक ओळ,
चा आतेनु?

मी टाकलं, इल्ल.